चित्राचा निरोप : मोबाइलवरून चित्र कसे जाते आणि कुठवर जाते

मोबाइलवर फोटो काढायचा, एक कळ दाबायची आणि तो फोटो शेकडो किलोमीटर दूरच्या माणसाला दिसू लागतो. आज प्राथमिक शाळेतली मुलेही हे सहज करतात. पण 'फोटो तिकडे गेला, म्हणजे नेमके काय घडले?' असा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले सांगतील, 'या फोनमधून निघाला आणि त्या फोनमध्ये गेला.' हे उत्तर पटण्यासारखे असले तरी बरोबर नाही. फोटो आपल्या फोनमधून निघून जात नाही, तो आपल्याकडे राहतोच. तो थेट दुसऱ्या फोनमध्येही जात नाही. वाटेत एका तिसऱ्या ठिकाणी त्याची एक प्रत ठेवली जाते आणि समोरचा फोन ती प्रत तिथून उतरवून घेतो.

या तिसऱ्या ठिकाणाला आपण 'कोठार' म्हणू. चित्र पाठवण्याची सोय आधी महाग का होती, लोकांनी ती बराच काळ का वापरली नाही, सरकारला एकदा तिच्यावर वजनाची मर्यादा कशी घालता आली आणि पाठवलेले चित्र परत बोलावणे इतके कठीण का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या कोठाराचे काम समजले की मिळतात. म्हणून सुरुवात थोडी मागून करू.

आधी अक्षरांचा निरोप

भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीतील दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास होता आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. बोलणे असे महाग असल्याने अक्षरांतून निरोप पाठवण्याची सोय, म्हणजे एसएमएस, पुढे लोकांना फार आवडली. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने संगणकावरून पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या.

एसएमएसची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. फोन बंद नाही ना, तो कोणत्या मनोऱ्याच्या टापूत आहे, त्याला कॉल येतो आहे का, अशा कामकाजाच्या सूचना मनोरा आणि फोन यांच्यात सतत चालू असतात. त्यांच्यासाठी एक अरुंद वाट राखलेली असते. या वाटेवर बराच वेळ रिकामा जातो. त्या रिकाम्या वेळात लहानसा निरोप सरकवून द्यायचा, ही एसएमएसमागची कल्पना. वाट अरुंद असल्यामुळे निरोपाची लांबी १४० बाइट एवढीच ठरली. १४० बाइट म्हणजे १,१२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून एका एसएमएसमध्ये १६० इंग्रजी अक्षरे मावतात. मराठीसाठी वापरल्या जाणाऱ्या सांकेतिक पद्धतीत प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून मराठी चिन्हे ७० च मावतात. चिन्ह म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजायचे. 'आगाशी' या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, पण चिन्हे पाच आहेत. 'ज्ञानेश्वर' या शब्दात चिन्हे दहा होतात. मराठी मुले मराठीतला निरोप इंग्रजी अक्षरांत का लिहू लागली, याचे एक कारण या हिशोबात आहे.

एसएमएसही थेट फोनवरून फोनवर जात नाही. तो कंपनीच्या संदेश-केंद्रात जमा होतो, समोरचा फोन चालू असेल तर लगेच पुढे पाठवला जातो आणि बंद असेल तर ठरावीक मुदतीपर्यंत सांभाळून ठेवला जातो. म्हणजे कोठाराची पद्धत अक्षरांच्या निरोपापासूनच आहे.

चित्राचे ओझे

आता चित्राकडे वळू. एक उदाहरण घेऊ. विरारच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या वाटेवर आगाशी हे गाव आहे. तिथली सुकेळी, म्हणजे राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवलेला पदार्थ, प्रसिद्ध आहे. समजा, २००५ च्या सुमारास आगाशीच्या एका बागायतदाराने वाळत घातलेल्या सुकेळ्यांचा फोटो मोबाइलवर काढला आणि माल कसा आहे हे दाखवण्यासाठी दादरच्या व्यापाऱ्याला पाठवायचे ठरवले.

त्या वेळच्या कॅमेऱ्याच्या फोनवर सर्रास आढळणारे चित्र ६४० आडव्या आणि ४८० उभ्या ठिपक्यांचे असे. म्हणजे एकूण ३,०७,२०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यासाठी तांबडा, हिरवा व निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट. एकूण ९,२१,६०० बाइट, म्हणजे ९०० किलोबाइट. त्या वेळी मोबाइलवर माहिती नेण्यासाठी जीपीआरएस ही पद्धत होती. तिचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला ४० किलोबिट, म्हणजे ५ किलोबाइट धरला, तर हा एक फोटो जायला १८० सेकंद, म्हणजे तीन मिनिटे लागतील.

म्हणून चित्र आधी दाबून लहान करावे लागते. यासाठी जेपेग नावाची पद्धत वापरतात. तिचे मानक १९९२ मध्ये ठरले. या पद्धतीच्या मुळाशी असलेले गणित बेंगळुरूत जन्मलेले आणि अमेरिकेत प्राध्यापकी करणारे नसीर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. ते थोडक्यात असे. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे लहान चौकोन पाडायचे. चौकोनातल्या ६४ ठिपक्यांची छटा एकेक करून सांगण्याऐवजी असे विचारायचे : सरासरी छटा किती? ती एका बाजूकडून दुसरीकडे जाताना सावकाश किती बदलते? भराभर किती बदलते? याही उत्तरांचे आकडे ६४ च असतात, पण बहुतेक चित्रांत 'भराभर बदला'चे आकडे अगदी लहान निघतात. ते शून्य धरले तरी डोळ्यांना फरक जाणवत नाही, आणि ओळीने आलेली शून्ये थोडक्या जागेत लिहिता येतात. शिवाय उजेडातला फरक आपल्या डोळ्यांना जितका कळतो तितका रंगातला फरक कळत नाही. म्हणून रंगाची माहिती आणखी विरळ केली तरी चालते.

या रीतीने ९०० किलोबाइटचा फोटो ४५ किलोबाइटवर आणता येतो. तो जायला तीन मिनिटांऐवजी नऊ सेकंद पुरतात. तरीही ४५ किलोबाइट म्हणजे जवळजवळ ३३० एसएमएसचे ओझे झाले. एसएमएसच्या अरुंद वाटेवरून ते नेणे शक्य नव्हते. त्यासाठी वेगळी व्यवस्था उभारावी लागली. तिचे नाव एमएमएस, म्हणजे बहुमाध्यमी संदेश-सेवा. बहुमाध्यमी म्हणायचे कारण असे की तिच्यात अक्षरे, चित्र, आवाज आणि चलत्‌चित्र हे सगळे एकाच पुडक्यात बांधता येते.

पार्सल आणि सूचनाचिठ्ठी

एमएमएसची रीत टपालाच्या पार्सलसारखी आहे. पार्सल मोठे असले तर पोस्टमन ते दारोदार नेत नाही. 'तुमचे पार्सल आले आहे, येऊन घेऊन जा' अशी चिठ्ठी देतो. चिठ्ठी हलकी असते, ती कुठेही नेता येते. पार्सल मात्र आपण पोस्टातून आणायचे असते. आपल्या बागायतदाराच्या फोटोचा प्रवास याच पायऱ्यांनी होतो.

पहिली पायरी बांधणीची. फोन फोटो, त्याखालचा मजकूर आणि असल्यास आवाज एकत्र बांधतो. त्यासोबत एक लहानशी टिपणीही जोडतो. आधी काय दाखवायचे, मजकूर चित्राच्या वर की खाली, एक पान किती सेकंद ठेवायचे, हे तिच्यात लिहिलेले असते. नाटकाच्या प्रयोगात रंगमंचावरच्या सूचना असतात तशीच ही टिपणी.

दुसरी पायरी रवानगीची. फोन जीपीआरएसच्या वाटेने कंपनीच्या एमएमएस केंद्राशी जोडणी करतो आणि पुडके तिथे जमा करतो. केंद्र त्याला एक क्रमांक देते आणि 'पोहोचले' अशी पावती फोनला पाठवते. बागायतदाराला 'संदेश पाठवला' असे दिसते ते या पावतीमुळे. दादरच्या फोनला अजून काहीही कळलेले नसते.

तिसरी पायरी पत्ता पाहण्याची. व्यापाऱ्याचा क्रमांक याच कंपनीचा असेल तर पुडके याच कोठारात राहते. दुसऱ्या कंपनीचा असेल तर एक केंद्र दुसऱ्या केंद्राला ते पुडके ई-मेलसारख्या पद्धतीने देते.

चौथी पायरी चिठ्ठीची. केंद्र व्यापाऱ्याच्या फोनला सूचना पाठवते. कोणाकडून आले, किती किलोबाइटचे आहे, किती दिवस ठेवले जाईल आणि कोठारात कोणत्या जागी आहे, एवढेच तिच्यात असते. ही सूचना जाते ती एसएमएसच्या त्या जुन्या अरुंद वाटेने. म्हणजे नवी सोय जुन्या सोयीच्या खांद्यावर बसलेली आहे.

पाचवी पायरी उचलण्याची. सूचना मिळाल्यावर व्यापाऱ्याचा फोन स्वतःहून, किंवा मालकाने होकार दिल्यावर, कोठाराशी जोडणी करतो. आपला पडदा केवढा आहे, आपल्याला कोणत्या प्रकारची चित्रे उघडता येतात, हेही तो केंद्राला कळवतो. पडदा लहान असेल तर केंद्र चित्र आणखी लहान करून देते. फोन त्या चित्राची प्रत उतरवून घेतो आणि 'मिळाले' असे कळवतो. मग केंद्र बागायतदाराला पोच देऊ शकते.

आणि व्यापाऱ्याच्या फोनला एमएमएस समजतच नसेल तर? तेव्हा केंद्र त्याला साधा एसएमएस पाठवत असे : 'तुमच्यासाठी एक चित्र आले आहे, संगणकावर अमुक पत्त्यावर पाहा.' दादरच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला त्याचा उपयोग किती, हे वेगळे सांगायला नको.

लोकांनी हात आखडता का घेतला?

फोनवरून चित्र पाठवण्याची हौस एमएमएसच्याही आधीची. ११ जून १९९७ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियामधील सांताक्रूझ येथे फिलिप कान या उद्योजकाने प्रसूतिगृहातच कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल यांची जोडणी करून आपल्या नवजात मुलीचा फोटो दोन हजारांहून अधिक लोकांना पोचवला. २००० मध्ये जपानमध्ये कॅमेऱ्याचा फोन आणि त्यावरून चित्र पाठवण्याची सेवा विक्रीला आली. ठरलेल्या मानकानुसार एमएमएसची पहिली व्यापारी सेवा मार्च २००२ मध्ये नॉर्वेतील टेलिनॉर या कंपनीने सुरू केली. त्याच वर्षी कॅमेरा असलेला नोकिया ७६५० हा फोन बाजारात आला. पुढच्या एक-दोन वर्षांत भारतातील मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनीही ही सेवा देऊ केली.

जाहिराती खूप झाल्या, पण एसएमएसचे जे झाले ते एमएमएसचे झाले नाही. कारणे समजण्यासारखी आहेत.

पहिले कारण गणिती आहे. एसएमएस प्रत्येक फोनवर येत असे. एमएमएससाठी मात्र पाठवणारा आणि घेणारा अशा दोघांकडेही तसा फोन लागे. १०० माणसांच्या वस्तीत १० जणांकडे असे फोन असतील, तर त्यांच्या जोड्या होतात ४५. वस्तीतल्या सगळ्या जोड्या ४,९५०. म्हणजे दहा टक्के लोकांकडे फोन असूनही शंभरातल्या एकाच जोडीला त्याचा उपयोग. असे फोन ५० झाले की जोड्या १,२२५ होतात. फोन पाचपट वाढले, तर जोड्या सत्तावीसपट वाढल्या. अशा साधनांचा प्रसार बराच काळ रेंगाळतो आणि मग एकदम वेग घेतो, तो यामुळे. भारतात तर २००३ साली आलेला आणि घराघरांत पोचलेला नोकिया ११०० हा फोन साध्या काळ्या अक्षरांच्या पडद्याचा होता. त्याला विजेरी होती, कॅमेरा नव्हता आणि एमएमएसही नव्हता.

दुसरे कारण पैशाचे. एका एमएमएसला तीन ते पाच रुपये पडत. ते चित्र पाहणाऱ्याला आवडो वा न आवडो, पाठवणाऱ्याचे पैसे गेलेच. तिसरे कारण जुळणीचे. नवीन फोन घेतल्यावर जीपीआरएस आणि एमएमएस यांच्या केंद्रांचे पत्ते फोनमध्ये भरावे लागत. कंपनीला विनंती केली की ते एसएमएसने येत, पण हे ठाऊक असणारे थोडे. चौथे कारण म्हणजे फुकटचे पर्याय. दोन फोन शेजारी ठेवून ब्लूटूथने चित्र देता येई, आणि मेमरी कार्डावर गाणी-चित्रे भरून देणारी दुकाने जागोजागी निघाली होती. लोकांना चित्रे हवी होती. एका चित्राला पाच रुपये मोजण्याची मात्र त्यांची तयारी नव्हती.

नावाला लागलेला डाग

एमएमएसचा वापर बेताचाच राहिला, पण त्याचे नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी झाले, आणि तेही वाईट कारणाने. २००४ मध्ये दिल्लीत शाळकरी मुलांच्या खासगी क्षणांचे मोबाइलवर केलेले चित्रण हातोहात पसरले आणि एका लिलाव-संकेतस्थळावर विक्रीलाही ठेवले गेले. त्या प्रकरणानंतर आपल्याकडे 'एमएमएस' म्हणजे चोरून काढलेली किंवा पसरवलेली चित्रफीत, असाच अर्थ रूढ झाला. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर नाही. अशा चित्रफिती बहुतेक वेळा ब्लूटूथने, मेमरी कार्डाने वा इंटरनेटवरूनही फिरत. पण शब्दाला लागलेला डाग पुसला गेला नाही.

कायद्यातही बदल झाला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. तिच्यातील कलम ६६-ई नुसार एखाद्या व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय काढणे, प्रसिद्ध करणे किंवा पुढे पाठवणे हा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकणारा गुन्हा आहे. 'पुढे पाठवणे' हे शब्द विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावेत. चित्र आपण काढले नाही, एवढ्याने सुटका होत नाही. लहान मुलांच्या अश्लील चित्रणासाठी कलम ६७-बी वेगळे आहे आणि ते अधिक कडक आहे.

पंचवीस किलोबाइटची वेस

सप्टेंबर २०१० मध्ये अयोध्येच्या खटल्याचा निकाल लागण्याच्या सुमारास केंद्र सरकारने एकगठ्ठा पाठवायचे एसएमएस आणि एमएमएस काही दिवस बंद ठेवले. ऑगस्ट २०१२ मधला प्रसंग याहून गंभीर होता. आसाममध्ये दंगली झाल्या होत्या. वेगळ्याच ठिकाणची आणि वेगळ्याच घटनांची छायाचित्रे ताज्या अत्याचारांची म्हणून मोबाइलवर आणि इंटरनेटवर फिरू लागली. पुण्यात ईशान्येकडील तरुणांना मारहाण झाली. बेंगळुरूहून आणि पुण्याहून ईशान्येकडचे हजारो विद्यार्थी आणि कामगार भीतीने रेल्वेगाड्या भरभरून घरी परतू लागले. मार्च २०१२ अखेर देशात सुमारे ९२ कोटी मोबाइल जोडण्या होत्या, तेव्हा अफवेला वाटा किती होत्या याची कल्पना करता येईल.

१७ ऑगस्टला केंद्र सरकारने पंधरा दिवसांसाठी आदेश काढला. एकगठ्ठा एसएमएसवर पाचाची मर्यादा आली आणि २५ किलोबाइटहून जड एमएमएस बंद झाले. पाचाची मर्यादा काही दिवसांतच वाढवून वीस केली गेली.

या २५ किलोबाइटमध्ये काय मावते, ते पाहू. त्या वेळच्या मोबाइलमधील ध्वनिमुद्रणाला सेकंदाला सुमारे १२ किलोबिट लागत. त्या हिशोबाने सोळा सेकंदांचे बोलणे मावते. अगदी लहान आकाराच्या चलत्‌चित्राला सेकंदाला ६४ किलोबिट धरले, तर तीन सेकंद मावतात. म्हणजे चित्रफिती अडल्या. पण ३२० × २४० ठिपक्यांचा फोटो दाबल्यावर ११-१२ किलोबाइटचा होतो, तो सहज पार जातो. वजनावरून आडदांड माल अडवता येतो, खोटा माल ओळखता येत नाही.

तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सरकारला ही वेस घालता आली, कारण कोठारे मोजकी होती, ती परवानाधारक कंपन्यांची होती आणि प्रत्येक पुडके तिथे तोलले जात होते. चिठ्ठीवर वजन लिहिलेलेच असते.

कोठार बदलले

त्यानंतर थोड्याच वर्षांत कोठारे बदलली. २००९ मध्ये सुरू झालेले व्हॉट्‌सअ‍ॅप आणि तशी इतर साधने स्मार्टफोनबरोबर पसरली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरचे इंटरनेट कमालीचे स्वस्त झाले. एकेका चित्राचे पैसे मोजणे संपले. आपल्याकडे एमएमएस मागे पडले ते या काळात. अमेरिकेत मात्र फोन कंपन्यांच्या मासिक योजनांत एमएमएसचा समावेश झाल्याने ते पुढेही भरपूर वापरले गेले.

काम करण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. चित्र दाबून लहान होते, कोठारात जाते, समोरच्याला सूचना जाते आणि त्याचा फोन चित्र उतरवून घेतो. फरक दोन आहेत. कोठार आता मोबाइल कंपनीचे नसून अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीचे आहे. दुसरे म्हणजे, २०१६ पासून व्हॉट्‌सअ‍ॅपवरचे पुडके कुलूपबंद असते. कुलपाची किल्ली फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवर असते, मधल्या कोठाराला आत काय आहे ते दिसत नाही. आपले खासगी बोलणे खासगी राहते, हा याचा मोठा फायदा. पण पुडके उघडून आतला मजकूर तपासायला वाटेत आता कोणी नाही, हेही तितकेच खरे.

आलेले चित्र आपण पुढे ढकलतो तेव्हा पुष्कळदा चित्र नव्याने पाठवलेच जात नाही. कोठारातल्या प्रतीचा पत्ता आणि किल्ली एवढेच पुढे जाते. म्हणून पुढे ढकलणे क्षणात होते. शिवाय चित्र दाबून नव्याने बांधताना ते केव्हा, कुठे काढले याची फाइलमधील नोंद बहुधा गळून पडते. राहते ते नुसते चित्र, आणि त्याच्याखाली कोणीही कोणताही मजकूर लिहू शकतो. जुन्या चित्राला नवे गाव मिळते ते असे.

पाचाचा पाढा

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा देशभर पसरली होती. त्या वेळी फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या प्रबोधनपटाची होती. शेवटचा खुलासा करणारा भाग कापून ती खरी घटना म्हणून पसरवली गेली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारे समजून, भिक्षेकरी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी आगाशी ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक असे तिघे जमावाच्या मारहाणीत गेले. चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा त्या भागात आधीच पसरलेल्या होत्या. अफवेला मोबाइलच लागतो असे नाही, ती तोंडीही पसरते. पण चित्र सोबत असले की ऐकीव गोष्टीला पुराव्याचे रूप येते.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्‌सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. जगात इतरत्र ती तेव्हा वीस होती. पाच आणि वीस यांतला फरक किती? प्रत्येकाने तो संदेश नव्या वीस जणांना पाठवला, असे धरू. चौथ्या फेरीत तो २० × २० × २० × २०, म्हणजे १,६०,००० जणांना मिळतो. पाचाच्या मर्यादेत चौथ्या फेरीत ६२५ जणांनाच मिळतो. पण सातव्या फेरीत ७८,१२५ आणि आठव्या फेरीत ३,९०,६२५. म्हणजे मर्यादेने अफवा थांबत नाही. तिला दुप्पट फेऱ्या लागतात आणि तेवढ्या वेळात कोणीतरी 'हे खरे आहे का?' असे विचारण्याची शक्यता निर्माण होते. एप्रिल २०२० मध्ये वारंवार ढकलल्या गेलेल्या संदेशांना एका वेळी एकच ठिकाण, अशी आणखी कडक मर्यादा आली.

इथे आपल्याला कोठाराच्या गोष्टीचे तात्पर्य दिसते. २०१२ मध्ये कोठारात बसलेला माणूस पुडके तोलू शकत होता. आज तो मोजणी करू शकतो, आत पाहू शकत नाही. मधल्या चौकीवरची जबाबदारी बरीचशी दोन टोकांवर, म्हणजे पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हातात आली आहे. आणि पाठवलेल्या चित्राच्या प्रती कोठारात आणि इतरांच्या फोनमध्ये तयार झाल्या की 'सर्वांसाठी पुसा' ही कळ दाबूनही त्या सगळ्या हाती येतीलच असे नाही. कोणी ते चित्र आधीच साठवून ठेवले असेल, कोणी पडद्याचाच फोटो घेतला असेल.

वर्गात करण्यासारखे

१. आलेखाच्या कागदावर १६ × १६ चौकटींत पान किंवा फूल रंगवायला सांगा. मग दर चार चौकटींचा मिळून एकच सरासरी रंग ठेवून ८ × ८ चे चित्र करू द्या, पुढे ४ × ४ चे. कोणत्या टप्प्यावर पान ओळखू येईनासे होते? माहिती किती पटींनी घटली?

२. पाच विद्यार्थ्यांना पाच भूमिका द्या : पाठवणारा, त्याची कंपनी, दुसरी कंपनी, चिठ्ठी नेणारा, घेणारा. एक लिफाफा पाठवा, पण प्रत्येक टप्प्यावर त्याची प्रत काढून ठेवा. मग पाठवणाऱ्याला 'आता तो परत घे' असे सांगा. किती जणांकडे जावे लागते ते मुलांनी मोजावे.

३. 'आपली शाळा उद्या बंद' हे वाक्य मराठीत लिहून त्यातील चिन्हे मोजा, रिकाम्या जागाही धरा. एका एसएमएसमध्ये अशी किती वाक्ये मावतील?

४. घरच्या मोबाइलवर आलेले, अनेकदा पुढे ढकलले गेलेले एखादे चित्र मुलांनी पालकांच्या परवानगीने आणावे. ते कुठले, केव्हाचे, कोणी काढले, यांपैकी काय चित्रावरून नक्की सांगता येते आणि काय फक्त खालच्या मजकुरावरून आपण मानतो, याचे दोन रकाने करावेत. दुसरा रकाना बहुधा मोठा निघतो. तो का मोठा निघतो, यावर मुलांना एक तास मोकळेपणाने बोलू द्यावे.